आई-बाबांना घेऊन सॅन इग्नासिओला: ग्रे व्हेल पाहण्याच्या सहलीची आखणी

सॅन डिएगोत राहणाऱ्या माणसाला ग्रे व्हेल पाहण्यासाठी खरे तर गावाबाहेर पडण्याचीही गरज नाही. डिसेंबरच्या मध्यापासून बंदरातून रोज बोटी सुटतात, आणि जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र सकाळी पॉइंट लोमाच्या टोकावर, कॅब्रिओ राष्ट्रीय स्मारकापाशी दुर्बीण घेऊन तासभर उभे राहिले, तर दक्षिणेकडे निघालेल्या देवमाशांचे फवारे सहसा दिसतातच. असे असूनही येत्या मार्चमध्ये, आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे आलेले असतील तेव्हा, सीमा ओलांडून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात साडेआठशे किलोमीटरच्या आसपास खाली असलेल्या सॅन इग्नासिओ लगूनपर्यंत, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ, खाऱ्या सरोवरापर्यंत, जाण्याचे आम्ही नक्की केले आहे. गेले काही आठवडे आमच्या घरात याच सहलीची आखणी चालू आहे. ज्या मराठी कुटुंबांच्या मनात असा बेत असेल त्यांना उपयोग व्हावा, म्हणून आमचे निर्णय आणि त्यांमागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या किनाऱ्यावरून जाणारा ग्रे व्हेल प्रवासात असतो. तो तीन-चार वेळा श्वास घेण्यापुरता वर येतो, शेपूट दाखवून खाली जातो आणि काही मिनिटांनी बराच पुढे गेल्यावर पुन्हा वर येतो. त्याला दोन नाकपुड्या असल्यामुळे समोरून किंवा मागून पाहिले असता फवाऱ्याचा आकार बदामाच्या पानासारखा नव्हे, तर पत्त्यांतल्या बदामासारखा, मधे खाच असलेला दिसतो. पाठीवर उभ्या पराऐवजी शेपटीकडे उतरत गेलेल्या लहान गाठींची एक ओळ असते. शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्यावर गोल, गुळगुळीत, तेल सांडल्यासारखा एक डाग उमटतो आणि तो थोडा वेळ तसाच राहतो. बोटीवरची अनुभवी माणसे अशा डागांच्या रांगेवरून देवमासा पुढे कोठे वर येईल याचा अंदाज बांधतात. अमेरिकेत बोटींनी देवमाशांपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे नव्वद मीटर अंतर ठेवावे अशी सरकारची मार्गदर्शक सूचना आहे आणि ती योग्यच आहे. हे दर्शन मला अतिशय प्रिय आहे, पण त्यात देवमाशाची पाठच काय ती दिसते. त्याचा डोळा दिसावा, श्वास ऐकू यावा एवढ्या जवळ तो यायचा असेल, तर तो जेथे थांबतो तेथे आपण गेले पाहिजे.

तो थांबतो ते बाहाच्या पश्चिम किनाऱ्यावरील उथळ, खाऱ्या पाण्याच्या लगूनमध्ये. उन्हाळाभर हे प्राणी बेरिंग आणि चुकची समुद्रांत असतात. तेथे ते एका कुशीवर, बहुतेक उजव्या कुशीवर, वळून तळाचा चिखल तोंडात ओढतात आणि टाळूवरून लोंबणाऱ्या झालरीसारख्या पट्ट्यांतून गाळून त्यातले कोळंबीच्या जातकुळीतले इवलेसे जीव खातात. शरद ऋतूत ते दक्षिणेकडे निघतात आणि त्यानंतर वसंतात परत जाईपर्यंत जवळजवळ काहीच खात नाहीत. येऊन-जाऊन हा प्रवास सोळा ते वीस हजार किलोमीटरांचा होतो. वारवारा नावाच्या एका मादीला रशियाच्या साखालिन बेटाजवळ उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावले होते; तिने बाहापर्यंत जाऊन परत येताना जवळजवळ साडेबावीस हजार किलोमीटर कापल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण वाढलेली मादी चौदा मीटरच्या आसपास लांब आणि तीस टनांहून जड असते. वर्षभराहून थोड्या अधिक काळाच्या गर्भारपणानंतर ती लगूनमध्ये किंवा वाटेत साडेचार मीटर लांबीचे पिल्लू देते, आणि ज्याच्यात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो अशा दुधावर ते झपाट्याने वाढते. म्हणजे आपण लगूनमध्ये जाऊन पाहतो ती आई कित्येक महिने उपाशी असते आणि साठवलेल्या चरबीवर स्वतःचे व बाळाचे पोषण करत असते. आमच्या आखणीतला प्रत्येक निर्णय ही गोष्ट लक्षात ठेवून घ्यायचा, असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले.

देवमाशांसाठी प्रसिद्ध अशा जागा तीन आहेत. सर्वांत उत्तरेला गेर्रेरो नेग्रो गावाजवळचे ओहो दे लिएब्रे लगून आहे; देवमाशांची संख्या तेथे सर्वाधिक असते आणि शेजारीच जगातल्या सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी एक आहे. सर्वांत दक्षिणेला माग्दालेना उपसागर आहे, जेथे आदोल्फो लोपेस मातेओस या मासेमारांच्या गावातून बोटी सुटतात; ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत आणि जे लोरेतोला विमानाने उतरून गाडीने जाणार आहेत, त्यांना हीच जागा सोयीची आहे. या दोहोंच्या मधे सॅन इग्नासिओ आहे. ते आकाराने लहान, बांधकामांपासून मुक्त आणि नियमांच्या बाबतीत सर्वांत काटेकोर आहे. लगूनचा आतला भाग, जेथे नवजात पिल्ले घेऊन माद्या राहतात, पर्यटकांच्या बोटींना पूर्ण बंद असतो. तोंडाजवळच्या ठरावीक पट्ट्यातच जाता येते आणि तेथेही एका वेळी सोळाहून अधिक बोटींना परवानगी नाही. आम्ही सॅन इग्नासिओ निवडले याचे पहिले कारण हे नियम आहेत. दुसरे कारण त्या पाण्याचा इतिहास आहे, आणि त्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

१८५७ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकन शिकारी कप्तान ओहो दे लिएब्रेत आपली जहाजे घेऊन शिरला. देवमाशांच्या चरबीचे तेल दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी विकले जात असे, आणि येथे तर ते सगळे एका बंदिस्त, उथळ पाण्यात गोळा झालेले होते. पिल्लाला आधी भाला मारला की आई सोडून जात नाही, हे शिकाऱ्यांना लवकरच कळले. चवताळलेल्या माद्यांनी अनेक होड्या फोडल्या, माणसे जायबंदी केली, आणि त्यामुळे ग्रे व्हेल हा अत्यंत क्रूर प्राणी आहे अशी त्याची ख्याती झाली. पुढे सॅन इग्नासिओतही हेच घडले. दोन दशकांत शिकार परवडू नये इतके देवमासे संपले. स्कॅमनने स्वतः १८७४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ज्यांना त्याने मारले त्यांच्या वर्तनाची उत्तम निरीक्षणे त्यातच नोंदलेली आहेत. विसाव्या शतकात तरंगत्या कारखान्यांसारखी जहाजे घेऊन शिकारी पुन्हा आले. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर व्यापारी शिकार थांबली, आणि मग कळप हळूहळू सावरत गेला.

या सगळ्या काळात स्थानिक मासेमार ग्रे व्हेलला घाबरून असत. लगूनमध्ये देवमासा जवळ येताना दिसला की ते होडीच्या लाकडावर ठोके देत आणि दूर निघून जात. १९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल, ज्यांना सारे पाचिको म्हणत, आपल्या साथीदाराबरोबर सॅन इग्नासिओत मासेमारीला गेले असताना एक देवमासा त्यांच्या होडीला येऊन चिकटला आणि दूर जाईना. तो होडीच्या या बाजूने त्या बाजूला जात राहिला. भीती वाटत असतानाही पाचिकोंनी हात पुढे केला आणि त्याला स्पर्श केला. देवमाशाने काही केले नाही. आज जगभरातून माणसे तेथे जातात ती या एका घटनेमुळे. पाचिको २०१३ मध्ये वारले, पण त्यांच्या पाठोपाठ त्या किनाऱ्यावरची अनेक कुटुंबे हिवाळ्यात मासेमारी थांबवून पाहुण्यांना देवमासे दाखवू लागली. ज्या पाण्यात दीडशे वर्षांपूर्वी पिल्लांना भाले मारले जात होते, त्याच पाण्यात एखादी मादी आपले पिल्लू माणसांच्या होडीकडे का आणते, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही वाचायला मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत या घटनेकडे मी केवळ आदरानेच पाहू शकते.

मेक्सिकोने १९७२ मध्ये ओहो दे लिएब्रेला आणि १९७९ मध्ये सॅन इग्नासिओला देवमाशांचे आश्रयस्थान म्हणून घोषित केले. १९८८ मध्ये या दोन्ही लगूनना सामावणारे एल विस्काइनो जैवावरण राखीव क्षेत्र झाले, आणि १९९३ मध्ये युनेस्कोने दोन्ही लगूनना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तरीही नव्वदच्या दशकात सॅन इग्नासिओच्या काठावर प्रचंड मिठागर उभारण्याची योजना पुढे आली. मेक्सिकन सरकार आणि मित्सुबिशी यांच्या भागीदारीतल्या कंपनीची ही योजना होती. मासेमार, मेक्सिकोतले लेखक-कलावंत आणि जगभरातल्या पर्यावरण संघटना यांनी तिला अनेक वर्षे विरोध केला, आणि मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी ती रद्द केल्याचे जाहीर केले. काठावरची बरीचशी जमीन एहिदो, म्हणजे सामूहिक मालकीच्या पद्धतीने गावकऱ्यांकडे आहे. त्यांनी २००५ मध्ये सुमारे १,२०,००० एकर जमिनीवर बांधकाम न करण्याचा करार केला. देवमासे पाहायला येणाऱ्यांच्या पैशातून घर चालत असेल तरच असा करार टिकतो. म्हणून आम्ही मुक्कामाची जागा निवडताना एकच प्रश्न सर्वांना विचारला: बोट, नावाडी आणि तंबू गावातल्या कुटुंबांचे आहेत का? ज्यांनी याचे सरळ उत्तर दिले त्यांच्याकडेच नोंदणी केली आहे. ‘देवमाशाला हात लावायला मिळण्याची हमी’ देणारी जाहिरात जेथे दिसली, तेथे मात्र आम्ही चौकशीही केली नाही.

आता तारखांविषयी. गाभण माद्या डिसेंबरच्या अखेरीपासून येऊ लागतात, जानेवारीत बहुतेक पिल्ले जन्मतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला लगून सर्वांत गजबजलेले असते. मात्र त्या गर्दीत नर आणि एकट्या माद्या पुष्कळ असतात, आणि आया आपल्या लहानग्यांना जपून आत ठेवतात. फेब्रुवारी संपताना बाकीचे उत्तरेकडे निघतात. मायलेकरे उरतात ती एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. तोवर पिल्लांचे अंग भरलेले असते, कुतूहल वाढलेले असते, आणि होडीजवळ येण्याचे प्रसंग याच काळात अधिक घडतात. मुलीच्या शाळेची वसंतातली सुटी आमच्याकडे मार्चअखेरीला असते, आणि तोपर्यंत थांबणे मला जोखमीचे वाटले. म्हणून शिक्षिकेला आधी पत्र लिहून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातले दिवस घेतले आहेत.

जायचे कसे, यावर घरात बरीच चर्चा झाली. बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, किंवा त्याहून दूरच्या लोकांनी लॉस एंजेलिसहून लोरेतोला विमानाने जावे आणि तेथून गाडीने चार-साडेचार तासांत सॅन इग्नासिओ गाठावे, हे बरे. आम्ही सीमेलगतच राहतो आणि माणसे पाच आहोत, त्यामुळे गाडीनेच जाणार आहोत. तिहुआनापासून निघणारा एक क्रमांकाचा महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला आणि तो द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जातो. तो बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे, कडेला मोकळी जागा नाही आणि गुरे रस्त्यावर येतात. रात्री गाडी चालवायची नाही हा नियम आम्ही अपवाद न करता पाळणार आहोत. पहिला मुक्काम सॅन किंतीनला. दुसऱ्या दिवशी एल रोसारिओला टाकी पूर्ण भरायची, कारण त्यानंतर गेर्रेरो नेग्रोपर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर, पेट्रोल पंपाचा भरवसा नाही. मधे काताविन्याजवळ घराएवढे दगड आणि निवडुंगांचे वाळवंट लागते, तेथे जेवणाची शिदोरी सोडू. अठ्ठाविसाव्या अक्षांशावर राज्य बदलते आणि हिवाळ्यात घड्याळही एक तास पुढे जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळे बदलली की हा फरक राहत नाही. बोटीची वेळ चुकू नये म्हणून आपल्या तारखा त्या रविवारच्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे पाहून ठेवावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, किंवा अमेरिकेचे ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा अनेक प्रवेशांचा पर्यटक व्हिसा चालू आहे, त्यामुळे त्यांची काळजी नाही. ज्यांचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे आणि जे केवळ मंजुरीच्या कागदावर अमेरिकेत राहत आहेत, त्यांनी मात्र आधी नीट चौकशी केल्याशिवाय निघू नये. गाडीने सीमा ओलांडताना कोणी अडवले नाही तरी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन प्रवेशाचा कागद घ्यायचाच. अमेरिकन गाडीचा विमा मेक्सिकोत कायद्याने चालत नाही. तेथील विमा स्वतंत्र घ्यावा लागतो, आणि भाड्याची गाडी असेल तर कंपनीची लेखी परवानगीही लागते.

बोटीविषयी बाबांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, “भरती किती वाजता असते तिथे?” आयुष्य भाट्ये आणि मांडवीच्या किनाऱ्यावर गेलेल्या माणसाने दुसरे काय विचारावे! आणि प्रश्न अगदी बरोबर होता, कारण बोटीत चढायचे कसे हे ओहोटी-भरतीवरच ठरते. या बोटींना पांगा म्हणतात. सात मीटरच्या आसपास लांबीची, फायबरग्लासची, मागे इंजिन लावलेली, छप्पर नसलेली ही उघडी होडी. एरवी हेच मासेमार तिच्यातून लॉब्स्टर आणि शिंपल्यांसाठी जातात. आडव्या फळ्यांवर बसायचे, प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचे. होडीचा काठ इतका खाली असतो की वाकले की हात पाण्याला लागतो. ओहोटी असेल तर घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढावे लागते. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे चढण्यासाठी पायरी किंवा स्टूल मिळेल का हे मी आधीच विचारून घेतले. मिळते, आणि नावाडी स्वतः हात देतात. “मला उचलून ठेवा, पण मागे ठेवून जाऊ नका,” असे आईने बजावले आहे. होडीत शौचालय नसते आणि एक फेरी साधारण दीड तासाची असते, हे वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. लगूनचे पाणी खुल्या समुद्रापेक्षा शांत असल्याने बोट लागण्याचा त्रास कमी होतो. दुपारी वायव्येचा वारा सुटतो, म्हणून आम्ही दोन्ही दिवस सकाळची पहिली फेरी मागितली आहे.

ठरलेल्या पट्ट्यात पोहोचल्यावर नावाडी वेग अगदी कमी करतो. देवमाशाचा पाठलाग करायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही, आई आणि पिल्लू यांच्या मधे होडी घालायची नाही. देवमासा दिसला की इंजिन नुसते चालू ठेवून होडी जागच्या जागी थांबते, आणि पुढे जवळ यायचे की नाही हे त्याने ठरवायचे असते. तो आला, तर आधी पाण्याखाली एक फिकट, ठिपकेदार आकार होडीखालून सरकताना दिसतो, मग बाजूला फवारा फुटतो आणि अंगावर तुषार येतात. जाऊन आलेली माणसे सांगतात की पिल्लाची कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत लागते. त्याच्या तोंडाच्या टोकावर लहान लहान खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात एकच राठ केस असतो. आईच्या अंगावर पांढऱ्या कड्यांसारखी दिसणारी बार्नॅकल्स, म्हणजे कवच असलेले लहान समुद्री जीव, कातडीत रुतलेली असतात. ही जात जवळजवळ फक्त ग्रे व्हेलच्या अंगावर वाढते. त्यांच्या भोवती फिकट नारिंगी रंगाच्या, खेकड्यांच्या दूरच्या नात्यातल्या उवा असतात, आणि आपल्याला ते कितीही किळसवाणे वाटले तरी त्या प्राण्याचे ते नेहमीचे जगणे आहे. मुलीला आम्ही नियम सांगितले आहेत: फवाऱ्याच्या छिद्राजवळ आणि डोळ्याजवळ हात न्यायचा नाही, बार्नॅकल ओढायचे नाही, हातात अंगठी-बांगडी नको, हाताला क्रीम नको, आणि सगळ्यांनी एकदम एकाच बाजूला धाव घ्यायची नाही. फोन गळ्यात दोरीने बांधलेला असावा. पण त्यातून पाहत बसू नये, असा माझा आग्रह आहे.

जेवणाचा प्रश्न मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. बाबा मासे आवडीने खातात आणि एन्सेनादाचे फिश टाको त्यांना आवडतील याची मला खात्री आहे. आई शाकाहारी आहे. भात, घेवडा, मक्याची भाकरी, एवोकाडो हे सगळीकडे मिळते. मात्र शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे, म्हणून ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, असे प्रत्येक ठिकाणी विचारायचे मी पाठ केले आहे. तंबूच्या जागी आधी कळवले तर वेगळे शिजवतात. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि संकष्टी आली तर म्हणून राजगिऱ्याचे लाडू घेणार आहोत. ताजी फळे सीमेवर अडवतात, ती नेऊ नयेत. तेथे वीज सौरऊर्जेची आणि मोजकी असते, फोनला रेंज नसते असे समजावे. रोख पेसो आधीच काढून ठेवावेत आणि पहाटेच्या थंडीसाठी वारा अडवणारे जाकीट प्रत्येकाकडे असावे.

एक गोष्ट मला या आखणीत सतत अस्वस्थ करत राहिली आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या ग्रे व्हेलची गणना अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून करत आले आहेत. १९९४ मध्ये हा कळप तेथील धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर काढला गेला, आणि २०१६ मध्ये त्याची संख्या सुमारे २७,००० होती. २०१९ पासून मात्र मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत मेलेले, खंगलेले देवमासे किनाऱ्यांना लागू लागले. २०२३ पर्यंत अशी ६९० प्रेते नोंदली गेली. २०२५ च्या अंदाजानुसार संख्या १३,००० च्या आसपास उरली आहे, आणि त्या वर्षी उत्तरेकडे जाताना मोजलेली पिल्ले सुमारे ८५ होती. कारण उत्तरेत आहे. समुद्रावरच्या बर्फाखाली वाढणारे शैवाल तळाला पडते आणि त्यावर ते चिखलातले लहान जीव जगतात. बर्फाचे गणित बिघडले की ताटातले अन्न बिघडते. अर्धपोटी मादीला पिल्लू होत नाही, किंवा झालेले पोसवत नाही. लगूनमध्येही गेल्या काही हिवाळ्यांत मायलेकरांच्या जोड्या कमी दिसल्या आहेत.

अशा वेळी जावे का, हा प्रश्न आम्ही एकमेकांना प्रामाणिकपणे विचारला. माझे मत जावे असेच आहे, पण ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या वेळात, गावाच्या होडीतून, आणि एखादी मादी आली नाही तर ते मान्य करून. जे कुटुंब मार्चमध्ये पाहुण्यांना होडीत बसवून वर्षाची बेगमी करते, त्यानेच त्या किनाऱ्यावर मिठागर होऊ दिले नाही. देवमासे कमी झाले म्हणून पाहुणेही बंद झाले, तर त्या करारांमागे उभे राहणारे कोण उरेल, याची मला चिंता वाटते. मुलीला मी स्पष्ट सांगितले आहे की आपण फक्त दुरून फवारे पाहून परतू, असेही होऊ शकते. तिला हे पटायला वेळ लागला. आई-बाबांना समजवावे लागले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले होते, तेव्हा मासेमार आणि गावकऱ्यांनी त्याला ओल्या कापडांनी झाकून, पाणी घालून, समुद्रात ओढून नेऊन वाचवण्याची किती धडपड केली आणि तरी ते गेले, हे त्यांनी जवळून ऐकले आहे. जिवंत, मोकळा देवमासा पाहण्याची त्यांची इच्छा तेव्हापासूनची आहे.

वाऱ्याने बंदी आली तर म्हणून लगूनजवळचा मुक्काम एका दिवसाने वाढवून घेतला आहे, आणि तो दिवस मोकळा मिळाला तर काय करायचे हेही ठरले आहे. सॅन इग्नासिओ गाव लगूनपासून साठेक किलोमीटर आत, खजुरांच्या दाट बनात आहे. १७२८ मध्ये जेसुइट धर्मप्रसारकांनी तेथे मिशन स्थापन केले, आणि ज्वालामुखीच्या दगडातले भक्कम चर्च १७८६ मध्ये पूर्ण झाले. उत्तरेच्या सिएर्रा दे सान फ्रान्सिस्को डोंगरात प्राचीन माणसांनी गुहांच्या छतांवर रंगवलेली प्रचंड चित्रे आहेत, आणि त्यांनाही १९९३ मध्येच जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बहुतेक गुहांपर्यंत खेचरांवरून दरीत उतरावे लागते, ते आईला झेपणारे नाही. कुएवा देल रातोन ही गुहा मात्र गाडीच्या रस्त्यालगत आहे आणि थोडेच चालावे लागते. तिच्यासाठी चर्चच्या शेजारच्या संग्रहालयात नाव नोंदवून परवानगी आणि वाटाड्या घ्यावा लागतो. लगूनकडे वळण्यापूर्वी, जातानाच, ती चौकशी करून ठेवू.